जाळीची वीण शिकताना: पहिल्या नमुन्यापासून टाचण्या काढेपर्यंत

"सुलट-उलट येतं, मफलर झालाय, आता जाळी शिकायचीय," असं म्हणत पार्ल्याला माझ्याकडे ज्या येतात, त्यांतल्या बऱ्याच जणींच्या पिशवीत एक अर्धवट काम असतंच. मागच्या महिन्यात एकीनं पांढऱ्या लोकरीची स्टोल आणली. घातलेले टाके ४२, मी मोजले तेव्हा सुईवर ४७. पाच टाके कुठे वाढले ते तिला सांगता येईना, कारण २४ ओळी विणून होईपर्यंत तिनं एकदाही मोजलं नव्हतं. तिचा एकूण एक टाका देखणा होता, हाताचा ताणही सारखा होता. तरी सगळं उसवावं लागलं.

जाळी, म्हणजे मुद्दाम भोकं पाडून केलेली नक्षी, बहुतेक वेळा अशीच बिघडते. हाताला टाके येत असतात, पण तयारी घाईत उरकलेली असते, नमुना, म्हणजे मापासाठीचा छोटा तुकडा, विणलेला नसतो आणि परतीची साधी ओळ टीव्ही बघत विणली जाते. खाली दिलाय तो मी शिकवते तोच क्रम. एक टप्पा जमल्याशिवाय पुढचा घेऊ नका. विणकामात एका ओळीला आपण 'सुई'च म्हणतो, म्हणून मीही इथे तसंच लिहिलंय.

## १. आधी आपला साधा टाका तपासा

२० टाके घाला आणि एक सुई सुलट, एक सुई उलट असं १० सेंमी विणा. शेवटी मोजा. २० च असायला हवेत. कमी-जास्त होत असतील तर अजून जाळीकडे वळू नका. कडेचा पहिला किंवा शेवटचा टाका दोनदा विणला जातोय का ते बघा, बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

आता डाव्या सुईवरचा एक टाका जवळून बघा. प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात. त्यातला उजवा पाय सुईच्या पुढे, आपल्या बाजूला, असायला हवा. अनेक जणींचा तो मागे असतो. उलट टाका विणताना दोरा सुईभोवती उलट्या दिशेनं गुंडाळायची सवय असते, आईकडून किंवा मावशीकडून उचललेली, आणि साध्या स्वेटरमध्ये ती खपून जाते, कारण हात नकळत टाक्याच्या मागच्या पायातून सुई घालून भरपाई करतो. जाळीत तसं चालत नाही. दोन टाके एकत्र विणताना ते पिळले जातात आणि नक्षीतल्या पानाची कड जिथे सरळ दिसायला हवी तिथे गाठीसारखी दिसते.

उपाय सोपा आहे. सुईच्या टोकाकडून बघितलं तर दोरा नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं गुंडाळला गेला पाहिजे, सुलट टाक्यातही आणि उलट टाक्यातही. सवय मोडायला आठवडा लागतो. तो द्या.

तपासा: सलग दहा टाक्यांचे उजवे पाय पुढे दिसले, तरच पुढच्या टप्प्यावर जा.

## २. लोकर आणि सुया

मुंबईत 'लोकर' म्हणून मागितलं की दुकानदार बहुधा ॲक्रिलिक देतो. त्यात फसवणूक नाही, आपण सगळेच त्याला लोकर म्हणतो. पण जाळीच्या कामात फरक पडतो, कारण शेवटी ताणून सुकवताना खरी लोकर, ॲक्रिलिक आणि सुती दोरा तीन वेगळ्या तऱ्हांनी वागतात. लेबल नसेल तर घरी आणून बोटभर तुकडा चिमट्यात धरून, सिंकवर, जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटांनी चुरगळता येते. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. सुताला कागद जळल्याचा वास.

शिकण्यासाठी मध्यम जाडीची, १०० ग्रॅमला साधारण २०० ते २५० मीटर भरेल अशी घ्या. गुळगुळीत, एकरंगी, फिकट. राखाडी, मोतिया, फिका निळा. काळी किंवा गडद निळी घेतलीत तर रात्री ट्यूबलाइटखाली टाके दिसत नाहीत, आणि केसाळ लोकरीत तर उसवताना धागे एकमेकांत अडकून बसतात. रंगीबेरंगी छटांची लोकर दुकानात फार मोहवते, पण तिच्यात जाळीची नक्षी हरवते. ती साध्या मफलरला ठेवा. १०० ग्रॅमला ८०० मीटर भरणारा अगदी बारीक धागा तिसऱ्या-चौथ्या कामाला.

सुयांच्या नंबरात हमखास घोळ होतो. आपल्या बाजारात जुने ब्रिटिश नंबर चालतात, म्हणजे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आपली १० नंबरची सुई ३.२५ मिमी, ८ नंबरची ४ मिमी, ६ नंबरची ५ मिमी. अमेरिकन नंबर नेमके उलटे चालतात. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिमीची असते. इंटरनेटवरून अमेरिकन नमुना उतरवून घ्यायचा, आपल्या ८ नंबरवर विणायचा आणि स्टोलची रुंदी मफलरइतकी निघायची, हे मी अनेकदा बघितलंय. वहीत नंबर लिहूच नका, मिमी लिहा.

जाळीसाठी लेबलवर सांगितलेल्यापेक्षा सुई एक किंवा दोन मापांनी जाड घ्या. वर सांगितलेल्या लोकरीला ४.५ मिमी चांगली. टोक निमुळतं हवं, बोथट टोक दोन टाक्यांत एकदम शिरत नाही. आपल्या दमट हवेत बांबूच्या सुया चिकटतात आणि घाम आला की जुन्या ॲल्युमिनियमच्या सुयांचा करडा डाग पांढऱ्या लोकरीवर उतरतो. मी स्टीलच्या वापरते आणि बसण्याआधी हात साबणानं धुऊन पुसून घेते.

बाकी सामान थोडंच लागतं: क्रोशाची एक बारीक सुई, क्रोशाचा गुळगुळीत पक्क्या रंगाचा दोरा, बोथट टोकाची दाभणासारखी शिवणसुई, खुणेसाठी मार्कर (रंगीत दोऱ्याच्या लहान कड्या बांधल्या तरी चालतात), मोजपट्टी, वही आणि पेन्सिल.

सावधान: लागेल तेवढी लोकर एकाच वेळी आणि एकाच लॉट नंबरची घ्या. तोच रंग, तीच कंपनी, पण लॉट वेगळा असला की स्टोलच्या मधोमध आडवा पट्टा दिसतो. आणि लोकर लडीत मिळाली असेल तर आधी गुंडा करा. लडीतून थेट विणायला बसलात की दुसऱ्या दिवशी गुंता सोडवत बसाल.

## ३. तीन हालचाली, सुट्या सुट्या

जाळीच्या कुठल्याही नक्षीत दोनच गोष्टी चालू असतात. एके ठिकाणी टाका वाढवून भोक पाडायचं आणि दुसऱ्या ठिकाणी दोन टाके एकत्र करून संख्या परत जागेवर आणायची. त्यासाठी तीन हालचाली पुरतात.

दोरा पुढे. सुलट टाका विणताना दोरा कामाच्या मागे असतो. तो दोन सुयांच्या मधून पुढे, आपल्याकडे आणा. आता मागे न नेता पुढचा टाका सुलट विणा. दोरा उजव्या सुईवरून आपसूक मागे जातो आणि सुईवर एक तिरका वेढा पडतो. हा जाळीचा टाका. परतीच्या सुईवर तो साध्या टाक्यासारखा, पुढच्या पायातून उलट विणायचा.

इथे दोन चुका होतात. परतीला तो वेढा सैल वाटतो म्हणून हात मागच्या पायातून सुई घालतो. मग वेढा पिळला जातो आणि भोक मिटतं. दुसरी चूक, दोरा पुढे आणायच्या ऐवजी मागूनच सुईवर टाकणं. त्यानंही वेढा उलटा बसतो. "माझी भोकं काही मोठी, काही बारीक का येतात?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या दोनांतच असतं. जाळीच्या लगेच पुढचा टाका उलट असेल, तर दोरा पुढे आणून सुईवरून मागे न्या आणि मधून परत पुढे आणा, म्हणजे पूर्ण एक फेरा. नाहीतर वेढा पडतच नाही.

उजवीकडे कलणारी घट. दोन टाके एकत्र सुलट विणा. डावा टाका वर येतो आणि रेघ उजवीकडे झुकते.

डावीकडे कलणारी घट. दोन टाके एकेक करून, सुलट विणायला घालतो तशी सुई घालून, न विणता उजव्या सुईवर घ्या. आता डावी सुई त्या दोन्हींच्या पुढून घाला आणि एकत्र सुलट विणा. जुन्या पुस्तकांत याच जागी 'एक टाका न विणता घ्या, पुढचा सुलट विणा, न विणलेला त्यावरून काढा' असं असतं. रेघ त्यातही डावीकडेच झुकते, फक्त टाका थोडा सैल पडतो.

दोन्ही घटींनी एक टाका कमी होतो, म्हणून 'कुठलीही केली तरी काय' असं वाटतं. पण पानाची नक्षी याच दोन रेघांनी उभी राहते. उजवीकडच्या जागी डावीकडची आली की पानाची कड करवतीसारखी होते.

तपासा: तिन्ही हालचाली जाड लोकरीवर आणि ५ मिमी सुयांवर, पुस्तक न बघता, प्रत्येकी २० वेळा करा. मग तुकडा खिडकीपाशी धरून कुठली रेघ कुठे झुकली ते बोटानं दाखवता आलं पाहिजे.

## ४. पहिला नमुना: भोकांची पट्टी

२४ टाके घाला. दोन्ही कडांचे ३-३ टाके प्रत्येक सुईवर सुलटच विणायचे, म्हणजे कड गुंडाळत नाही.

४ सुया साध्या विणा (समोरची सुलट, परतीची ३ सुलट, १८ उलट, ३ सुलट). मग जाळीची सुई: ३ सुलट, (दोरा पुढे, दोन एकत्र सुलट) असं ९ वेळा, ३ सुलट. परतीची सुई आधीसारखीच. हे सगळं चार वेळा करा.

परतीच्या प्रत्येक सुईनंतर मोजा. २४.

## ५. दुसरा नमुना: लाटा

१८ टाक्यांची ही लाटांची वीण स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरून आली आणि शिकायला मला हीच सर्वांत चांगली वाटते, कारण चार सुयांत फक्त एकच जाळीची सुई आहे. १८ टाक्यांनी नक्षी परत सुरू होते, त्याला आवर्तन म्हणायचं; अशा दोन आवर्तनांना ३६ आणि कडांचे ६, असे ४२ टाके.

१ली सुई: सगळे सुलट.
२री सुई: ३ सुलट, ३६ उलट, ३ सुलट.
३री सुई: ३ सुलट, [(दोन एकत्र सुलट) ३ वेळा, (दोरा पुढे, १ सुलट) ६ वेळा, (दोन एकत्र सुलट) ३ वेळा] हे कंसातलं दोनदा, ३ सुलट.
४थी सुई: सगळे सुलट (या विणीत परतीला वेढेही सुलटच).

या चार सुया सहा वेळा विणा. हिशेब स्वतः करून बघा. कंसात १८ टाके वापरले जातात. पहिल्या तीन जोड्यांचे ३, मधले ६ आणि त्यांच्यासोबत वाढलेले ६, शेवटच्या जोड्यांचे ३, म्हणजे परत १८. कुठलाही नमुना हातात घेण्याआधी हा हिशेब कागदावर मांडायची सवय लावा. छापलेल्या नमुन्यांतही चुका असतात आणि त्या सुईवर कळण्यापेक्षा कागदावर कळलेल्या बऱ्या.

सावधान: नमुना टाके बंद करून धुऊन, ताणून, सुकवल्याशिवाय मोजू नका. सुईवरून उतरलेली जाळी चुरगळलेल्या कागदासारखी दिसते, तिचं माप खोटं असतं.

## ६. माप आणि टाके घालणं

सुकलेल्या नमुन्याच्या मधोमध १० सेंमीत किती टाके येतात ते मोजा. समजा २० आले आणि तुम्हाला ५० सेंमी रुंद स्टोल हवी आहे. म्हणजे १०० टाके. पण आवर्तन १८ चं. पाच आवर्तनांचे ९० आणि कडांचे ६ मिळून ९६, रुंदी ४८ सेंमी. सहा घेतलीत तर ११४ टाके, ५७ सेंमी. यांतलं एक निवडा. १०० टाके घालून 'उरलेले कडेला ढकलू' असं करू नका, नक्षी एका बाजूला सरकते.

टाके सैल घाला. 'सैल' म्हटलं की सगळ्या जाड सुईवर घालतात. दोन धाग्यांनी अंगठ्यावरून टाके घालत असाल, तर जाड सुईनं फक्त टाक्याची उंची वाढते, खालची कड घट्टच राहते. त्याऐवजी दोन टाक्यांत थोडी मोकळी जागा सोडत घाला आणि उजव्या हाताचं बोट शेवटच्या टाक्यावर टेकवून ठेवा.

तपासा: घातलेली कड सुईवरच ताणून बघा. नमुन्याच्या रुंदीइतकी ताणली गेली नाही, तर आत्ताच उसवून परत घाला.

## ७. विणताना: मार्कर, मोजणी, लाइफलाइन

कडेच्या ३ टाक्यांनंतर एक मार्कर, मग प्रत्येक १८ टाक्यांनंतर एक. आता ९६ टाके मोजायचे नाहीत. दोन मार्करांच्या मध्ये १८ आहेत का, एवढंच बघायचं. जाळीच्या सुईवर मार्करपाशी पोहोचलात आणि टाका उरला किंवा कमी पडला, तर चूक गेल्या १८ टाक्यांतच आहे. ४७ टाक्यांच्या स्टोलवाल्या मुलीला मी हेच पहिल्यांदा दाखवलं.

परतीची सुई ही तपासणीची सुई. तिच्यावर नक्षी नसते म्हणून सगळ्या तिथे निवांत होतात, आणि मला विचाराल तर अर्धी जाळी तिथेच हातातून जाते. समोरच्या सुईवर सुटलेला वेढा, न झालेली घट, घसरलेला टाका, या सगळ्या चुका परतीच्या सुईवर पाच मिनिटांत दुरुस्त होतात. चार सुया पुढे गेलात की तासभर. प्रत्येक आवर्तन परतताना मोजा आणि ६ वेढे डोळ्यांनी बघा.

लाइफलाइन म्हणजे टाक्यांमधून ओवून ठेवलेला दोरा. उसवायची वेळ आली तर त्या दोऱ्यापाशी काम थांबतं. पद्धत अशी:

१. परतीची सुई संपल्यावर टाके मोजा. संख्या बरोबर असेल तरच ओवा.
२. बोथट शिवणसुईत क्रोशाचा वेगळ्या रंगाचा दोरा घ्या. लांबी कामाच्या रुंदीपेक्षा ३० सेंमी जास्त.
३. विणायच्या सुईखालून प्रत्येक टाक्यातून एकेक करत दोरा न्या. जाळीचे टाकेही सोडू नका.
४. मार्करमधून दोरा नेऊ नका. नेलात तर मार्कर तिथेच अडकून पडेल.
५. दोन्ही बाजूंना १५-१५ सेंमी टोकं सोडा. वहीत लिहा: 'लाइफलाइन, अमुक सुईनंतर'.
६. पुढची सुई विणताना दोरा चुकून टाक्याबरोबर विणला जात नाही ना, हे बघत जा.

शिकताना दर १२ सुयांनी ओवा. जुनी काढायची घाई नको, नवी ओवून झाल्यावर काढा. लोकरीचाच उरलेला तुकडा लाइफलाइनला वापरू नका, त्याचे तंतू कामात अडकतात.

लोकलमध्ये विणणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. जाळीची सुई घरी विणा, साध्या सुया गाडीत. बोरिवलीहून चर्चगेटला जाताना बसायला जागा मिळाली तर चार-पाच साध्या सुया आरामात होतात. पण अंधेरीला गर्दी आत शिरते तेव्हा नक्षीच्या मधोमध असलात, की कुठल्या टाक्यावर होतात ते हमखास विसरतं. अर्ध्या सुईवर थांबावंच लागलं तर सुयांच्या टोकांना रबरी टोप्या लावा आणि कुठवर आलात ते वहीत लिहा. पावसाळ्यात काम झिपच्या प्लास्टिक पिशवीत, मगच पर्समध्ये.

## ८. चुका, आणि त्या न उसवता दुरुस्त करणं

दोरा पुढे घ्यायचा राहिला. परतीच्या सुईवर कळतं. जिथे वेढा हवा होता, त्या दोन टाक्यांच्या मध्ये खालच्या ओळीचा आडवा धागा दिसतो. डाव्या सुईच्या टोकानं तो आपल्या बाजूनं उचला, सुईवर ठेवा आणि पुढच्या पायातून उलट विणा. भोक किंचित बारीक दिसेल, ताणल्यावर सारखं होतं.

एक वेढा जास्त पडला. परतीला तो सुईवरून सोडून द्या. शेजारच्या दोन्ही टाक्यांना हलकेच ओढलं की सैल धागा वाटला जातो.

घट राहिली. परतीला तेच दोन टाके एकत्र उलट विणा. समोरून ती उजवीकडे कललेलीच दिसते. डावीकडची हवी असेल तर मागच्या पायांतून एकत्र उलट विणा.

टाका घसरला. हात सोडू नका, काम ओढू नका. आधी त्यात सेफ्टी पिन घाला, मग बघा. साध्या भागात तो क्रोशाच्या सुईनं एकेक आडवा धागा ओढत वर आणता येतो. जाळीच्या सुईतून खाली गेला असेल आणि वेढे कुठले, घट कुठली हे ओळखता येत नसेल, तर अंदाजानं जोडू नका. लाइफलाइनपर्यंत उसवा.

उसवताना विणायची सुई काढून घ्या आणि धागा एकेक सुई करत, गुंड्यावर गुंडाळत ओढा. शेवटच्या सुईला वेग कमी करा. लाइफलाइनच्या दोऱ्यावर टाके लटकलेले दिसतील. मापापेक्षा बारीक सुई त्याच दोऱ्याच्या वाटेनं टाक्यांतून घाला. सगळे आले का मोजा आणि पाय पुढे आहेत का बघा, कारण अशा वेळी निम्मे टाके उलटे बसतात.

## ९. चार्ट वाचणं

लेखी सूचना लांबल्या की चार्ट, म्हणजे चौकोनी कागदावर खुणांनी मांडलेली नक्षी, बरा. चार्ट खालून वर वाचायचा. समोरच्या सुया उजवीकडून डावीकडे, परतीच्या डावीकडून उजवीकडे. गोल म्हणजे सहसा दोरा पुढे, तिरक्या रेघा म्हणजे घटी, आणि रेघ ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला टाका झुकतो. रिकामा चौकोन समोरून सुलट, परतीला उलट. राखाडी चौकोन म्हणजे तिथे टाकाच नाही, त्यावरून सरळ पुढे जायचं. तरी प्रत्येक नमुन्याची खुणांची यादी आधी वाचा, कारण खुणा सगळीकडे सारख्या नसतात.

चालू ओळीच्या वरच्या कडेला पट्टी ठेवा, खाली नको. विणून झालेल्या ओळी दिसत राहिल्या की वरचा गोल खालच्या कुठल्या टाक्यावर बसतो ते कळतं, आणि एक घर सरकलात तर लगेच खटकतं.

## १०. टाके बंद करणं

नेहमीसारखे बंद केलेत तर कड आवळते आणि ताणताना स्टोल डमरूसारखी होते. दोन मापं जाड सुई घ्या. दोन टाके मागच्या पायातून एकत्र सुलट विणा, उजव्या सुईवर आलेला एक टाका परत डाव्या सुईवर ठेवा, परत दोन एकत्र. शेवटपर्यंत असंच.

तपासा: २० टाके बंद झाल्यावर थांबा आणि तेवढी कड ताणा. लाटेचा घेर उघडत नसेल तर तेवढेच २० उसवा.

## ११. धुऊन ताणणं, म्हणजे ब्लॉकिंग

हा टप्पा टाळणाऱ्या फार. "घरी आल्यावर इस्त्री फिरवते" असं म्हणतात, आणि महिनाभराचं काम दहा सेकंदांत चपटं होतं.

खरी लोकर साध्या पाण्यात, थोड्या सौम्य साबणात, २०-३० मिनिटं भिजवा. चोळू नका, पिळू नका. दोन्ही हातांनी खालून उचलून टॉवेलवर पसरा, टॉवेलची वळकटी करा आणि वर उभं राहून दाबा. मग पसरायची जागा. दुपदरी सतरंजीवर स्वच्छ चादर चालते, मुलांच्या कोड्यासारख्या जोडायच्या फोमच्या चटया त्याहून बऱ्या. आधी चार कोपरे, मग लांब कडांचे मध्य, मग त्यांच्या मधले, असं टाचत जा. एका बाजूनं सुरू करून दुसरीकडे गेलात तर स्टोल तिरकी होते. लाटेच्या प्रत्येक टोकाला एक टाचणी. ओली लोकर ज्या आकारात सुकते तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत टिकतो, म्हणून पट्टी घेऊन दोन्ही कडांची मापं सारखी करा.

टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात. माझ्या पहिल्या मोठ्या स्टोलला मी शिवणाच्या डब्यातल्या साध्या टाचण्या लावल्या होत्या. जुलै होता, सुकायला तीन दिवस लागले, आणि काढल्यावर हस्तिदंती लोकरीवर कडेनं तपकिरी ठिपक्यांची रांग उमटली होती. लिंबू, मीठ, सगळं करून बघितलं, ते ठिपके गेले नाहीत. आपल्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड तीन दिवस ओल्या लोकरीत ठेवायचंच नाही. तेव्हापासून मोठी कामं मी ऑक्टोबर ते मे या दिवसांतच ताणते. पावसाळ्यात करावंच लागलं तर रात्रभर पंखा लावते आणि चादरीखाली हात घालून बघते, कारण वरून सुकलेलं काम खालून ओलं असतं आणि त्याला कुबट वास धरतो.

ॲक्रिलिक पाण्यानं आकार धरत नाही, ते उष्णतेनं धरतं. कोरडं किंवा दमट काम टाचा, वाफेची इस्त्री दोन बोटं वर धरा आणि फक्त वाफ द्या. इस्त्री टेकली तर धागा कायमचा निर्जीव होतो, पुन्हा फुलत नाही. तुकड्यावर आधी करून बघा. सुती जाळी ओली ताणता येते, पण प्रत्येक धुण्यानंतर परत ताणावी लागते.

तपासा: पूर्ण कोरडं झाल्यावर टाचण्या काढा आणि काम तासभर तसंच पडू द्या. मग टोकं आत ओवून, थोडी शेपूट ठेवून कापा. ताणण्याआधी कापलेली टोकं बाहेर येतात.

खरी लोकर धुतल्याशिवाय कपाटात ठेवू नका. घामाच्या कपड्याला कसर लवकर लागते.

## १२. यानंतर काय विणायचं

लाटांची स्टोल झाली की पानांची वीण घ्या, म्हणजे डाव्या-उजव्या घटींचा सराव होईल. मग मधोमध दोन टाके एकदम कमी करायची घट शिका. दोन टाके एकत्र सुलट विणायला घेतो तसे न विणता उजव्या सुईवर घ्या, तिसरा सुलट विणा आणि ते दोन त्यावरून काढा. तिच्यासोबत दोन वेढे लागतात. त्यानंतर त्रिकोणी शाल, जिथे टाके वाढत जातात आणि मार्करांवरचा विश्वास खरा उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंच्या सुयांवर नक्षी असलेली वीण सर्वांत शेवटी, कारण तिच्यात परतीची निवांत तपासणीच उरत नाही.

बाळंतविड्यासाठी जाळीचं टोपडं किंवा दुपटं विणायचं असेल, तर भोकं बारीकच ठेवा आणि आतली टोकं पक्की ओवा. मोठ्या भोकात बाळाची बोटं अडकतात, सुटा धागा बोटाला गुंडाळला जातो. मोज्यांना मी जाळी घालतच नाही.

आणि एक सराव माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी देते. घरातली जुनी जाळीची शाल किंवा फ्रॉक काढा, उजेडात धरा. भोकं कुठे आहेत, रेघा कुठे झुकतात, किती टाक्यांनी तेच परत येतं, हे मोजून चौकोनी कागदावर मांडा. भोक म्हणजे गोल, घट म्हणजे तिरकी रेघ. वाढ आणि घट यांचा हिशेब जुळला की मूळ वस्तू झाकून ठेवा, फक्त कागदावरून दोन आवर्तनं विणा, धुवा, ताणा, आणि सुकल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघा.